खुल्या स्पर्धेचे दार



वसईत येऊन गोल्फवर व्याख्यान देणे म्हणजे मिठागरात नांगर धरण्यासारखे आहे, ही जाणीव मला आहे. व्याख्यानमालेच्या चालकांना मी विषय कळवला तेव्हा त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. आपल्या वाड्यांतून क्रिकेट आहे, फुटबॉल आहे, मैदानी खेळांची हौस तर इथल्या मातीतच आहे. परंतु गोल्फ म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो टोपी घातलेला साहेब, त्याच्या पुढे लांबच लांब पसरलेली हिरवळ आणि त्याच्या मागे काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन चालणारा एक मुलगा. आजचे माझे व्याख्यान साहेबाविषयी थोडे आणि त्या मुलाविषयी अधिक आहे. त्या मुलाला इंग्रजीत कॅडी म्हणतात. भाजीची कावड खांद्यावर घेऊन पहाटेची गाडी गाठणारी माणसे ज्या गावाने पिढ्यान्पिढ्या पाहिली, त्या गावाला ओझे म्हणजे काय हे मी सांगावयास नको.

खेळ कसा असतो तेवढे आधी सांगतो. लहानपणी आपण सर्वांनी गोट्या खेळल्या आहेत. जमिनीत एक गल करायची आणि लांबून गोटी तिच्यात घालायची, हाच गोल्फचा गाभा. फरक इतकाच की इथे गल तीन-चारशे वार लांब, गोटीऐवजी लहानसा टणक चेंडू आणि बोटाऐवजी काठी. अशा अठरा गली ओळीने घ्यायच्या म्हणजे एक फेरी झाली. मोठ्या स्पर्धेत चार दिवसांत अशा चार फेऱ्या, आणि ज्याचे फटके सर्वांत कमी तो विजयी. प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला हात लावायचा नाही, त्याचा चेंडू अडवायचा नाही. प्रत्येकाचे भांडण स्वतःशी आणि जमिनीशी. असा खेळ माणसामाणसांत भेद करणार नाही असे कोणालाही वाटेल. इतिहास नेमका उलट आहे.

धंदेवाईक खेळाडूंची सर्वांत जुनी आणि आजही चालू असलेली स्पर्धा म्हणजे ब्रिटिशांची ओपन. १८६० सालच्या १७ ऑक्टोबरला स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविक या गावी ती प्रथम झाली. खेळाडू किती? आठ! एका दिवसात बारा गलींच्या तीन फेऱ्या झाल्या आणि मसलबरोचे विली पार्क यांनी १७४ फटक्यांत बाजी मारली. टॉम मॉरिस यांना त्यांच्याहून दोन फटके अधिक लागले. विजेत्याला रोख काही मिळाले नाही. तांबड्या मोरोक्को कातड्याचा एक पट्टा वर्षभर मिरवायला मिळाला. १८६४ साली विजेत्याला सहा पौंड मिळू लागले. हे आठ जण कोण होते? कोणी काठ्या घडवणारे, कोणी चेंडू बनवणारे, कोणी हिरवळ राखणारे, कोणी पिशव्या वाहणारे. मॉरिस तर त्या मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीवरच होते.

आता गंमत पाहा. पहिल्या वर्षी ही स्पर्धा फक्त या धंदेवाईकांची होती. दुसऱ्या वर्षी, १८६१ मध्ये, ती 'साऱ्या जगाला खुली' झाली. खुली कोणासाठी झाली? सुतार-माळ्यांना तर ती आधीच खुली होती. नव्याने दार उघडले ते हौशी सद्गृहस्थांसाठी! म्हणजे 'ओपन' या शब्दाचा जन्म गरिबाला आत घेण्यासाठी झालेला नाही. त्याच्या मागची शिस्तही मोठी चमत्कारिक होती. हौशी आणि धंदेवाईक दोघे एकाच हिरवळीवर, एकाच नियमाने, एकाच चषकासाठी खेळणार. पण खेळ संपला की हौशी गृहस्थ क्लबघरात चहाला जाणार आणि धंदेवाईक बाहेर अंगणात थांबणार. मराठीतही 'हौशी' आणि 'धंदेवाईक' हे शब्द आपण कसे उच्चारतो ते कानांनी ऐकावे. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात नाक किंचित मुरडलेले आहे. पोटासाठी खेळणाऱ्याच्या वाट्याला हा मुरडलेला स्वर सर्व देशांत आला.

१९२० साली डील येथील ओपनला वॉल्टर हेगन नावाचे अमेरिकन खेळाडू गेले. त्यांना क्लबघरात कपडे बदलण्याची मनाई झाली. बुवांनी एक आलिशान मोटार भाड्याने आणून थेट क्लबघराच्या दारासमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलू लागले. त्याच वर्षी अमेरिकेतील टोलेडो येथील इन्व्हरनेस क्लबाने आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत धंदेवाईकांना क्लबघर मोकळे केले, आणि खेळाडूंनी कृतज्ञतेने वर्गणी काढून त्या क्लबाला एक मोठे घड्याळ भेट दिले. मला या दोन गोष्टींत हेगन यांची मोटार अधिक आवडते. परंतु इतिहास घड्याळांनीही पुढे सरकतो, हे मान्य केले पाहिजे.

आता आपल्याकडे येऊ. ब्रिटिश बेटांबाहेरचा, आजही चालू असलेला सर्वांत जुना गोल्फ क्लब कोठे निघाला? अमेरिकेत नव्हे, कलकत्त्यात, १८२९ साली. त्यानंतर १८४२ मध्ये मुंबईत निघाला. म्हणजे न्यूयॉर्कच्या लोकांना हा खेळ ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या साहेबांच्या मागे आपली मुले पिशव्या वाहत होती. १८९२ साली कलकत्त्यात हौशींची अखिल भारतीय स्पर्धाही सुरू झाली. परंतु या मैदानांवर नेटिवाला प्रवेश होता तो माळी म्हणून, पट्टेवाला म्हणून किंवा कॅडी म्हणून. मुंबईच्या गोऱ्या क्लबांत संस्थानिकांनाही मज्जाव होता. लॉर्ड विलिंग्डन यांना आपल्या हिंदी पाहुण्यांसह बसता यावे म्हणून १९१८ च्या सुमारास विलिंग्डन क्लब निघाला, असे सांगतात. त्याचेही एक गोल्फचे मैदान आहे. १९२७ साली चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आला. चेंबूरचे नाव लक्षात ठेवावे, शेवटी मला तिथेच जायचे आहे.

स्वातंत्र्य आले, साहेब गेला, क्लब राहिले. १९५५ साली इंडियन गोल्फ युनियन स्थापन झाली. खेळ आता वरिष्ठ अधिकाऱ्यांचा, सेनाधिकाऱ्यांचा, कारखानदारांचा झाला. कॅडी मात्र कॅडीच राहिला. फार हुशार निघाला तर क्लबाचा शिकवणारा होई आणि साहेबाच्या मुलाचा फटका दुरुस्त करून देई. त्याला स्वतःला खेळून मोठे व्हायचे असेल तर देशात त्याच्यासाठी मोठी स्पर्धाच नव्हती.

ती आणण्याच्या कामी एका परक्या माणसाची फार मदत झाली. ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन. हे साधेसुधे गृहस्थ नव्हते. १९५४, १९५५, १९५६, १९५८ आणि १९६५ अशी पाच वेळा त्यांनी ब्रिटिश ओपन जिंकली. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर त्यांचे हिंदुस्थानात थांबणे होई, आणि इथे एक राष्ट्रीय खुली स्पर्धा हवी असा त्यांनी आग्रह धरला. १९६४ साली दिल्ली गोल्फ क्लबावर पहिली इंडियन ओपन झाली आणि ती थॉमसन यांनीच जिंकली. पुढे १९६६ आणि १९७६ सालीही तेच विजयी झाले.

दिल्लीचे ते मैदान वसईकरांना पाहावेसे वाटेल. तिथे हिरवळींच्या मध्ये मुघलकालीन कबरी उभ्या आहेत, मोर हिंडतात आणि दोन्ही बाजूंनी झुडपे इतकी दाट की चेंडू जरा वाकडा गेला की तो गेलाच. आपल्या किल्ल्यात पडक्या देवळांच्या नि चर्चांच्या भिंतींमधून पोरे क्रिकेट खेळतात, त्याची आठवण व्हावी. अशा मैदानावर ताकदीपेक्षा नेमकेपणा लागतो आणि कोणते झुडूप कोठे दगा देते याची माहिती लागते. ही माहिती कोणाला असणार? जो रोज तिथे चेंडू शोधतो त्याला. पण ते कळायला सत्तावीस वर्षे जायची होती.

दुसऱ्याच वर्षी, १९६५ मध्ये, कलकत्त्याला ही स्पर्धा एका भारतीयाने जिंकली. प्रेमगोपाल, ऊर्फ बिल्लू सेठी. ते हौशी होते; रोख बक्षीस घेण्याची त्यांना नियमाने बंदी. या स्पर्धेच्या इतिहासात हौशी विजेता हाच एक. त्यांचा पराक्रम मोठाच, त्याला मी उणेपणा आणीत नाही. पण ज्या धंदेवाईक भारतीयांसाठी स्पर्धा निघाली त्यांच्यापैकी कोणाचे नाव चषकावर यायला तेव्हा पुष्कळ अवकाश होता. मधली वर्षे परदेशीयांची. जपानचे होसोईशी लागोपाठ दोनदा जिंकले, ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहॅम मार्श आणि ब्रायन जोन्स दोन-दोनदा, तैवानचे खेळाडू वरचेवर. १९७० पासून ही स्पर्धा आशियाच्या फिरत्या मालिकेत बसली. १९८१ साली पेन स्टुअर्ट नावाचा अमेरिकन तरुण इथे जिंकून गेला आणि पुढे त्याच्या देशाची ओपन दोनदा जिंकून जगप्रसिद्ध झाला. यादी लांब आहे. ती वाचून दाखवून मी आपला वेळ घेत नाही.

इथे मला थोडे दूर, दक्षिण आफ्रिकेत जावे लागेल. डरबनला सेवसंकर सेवगोलम नावाचे एक हिंदी वंशाचे कॅडी होते. त्यांना सर्व जण 'पापवा' म्हणत. मळ्यांवर काम करण्यासाठी गेलेल्या गिरमिटियांच्या वंशातले. काठी ते उलटी धरत. उजवा हात वर आणि डावा खाली. कोणी शिकवलेच नव्हते, तर सुलटी कोण सांगणार! या माणसाने डच ओपन तीन वेळा जिंकली. १९६३ साली डरबन कंट्री क्लबावर त्यांनी नाताळ ओपन जिंकली. गोऱ्यांच्या क्लबघरात हिंदी माणसाला प्रवेश नाही. पाऊस पडत होता. गोरी मंडळी आत कोरडी, आणि विजेत्याला चषक दिला तो बाहेर, पावसात. ते छायाचित्र जगभर गेले. १९६५ साली पापवांनी त्याच स्पर्धेत गॅरी प्लेअर यांनाही मागे टाकले, आणि त्यानंतर त्यांना अशा स्पर्धांतून खेळण्यास बंदी झाली. १९७८ मध्ये ते वारले. गॅरी प्लेअर हे नावही श्रोत्यांनी लक्षात ठेवावे.

आपल्याकडे असा कायदा नव्हता. वर्णद्वेषाच्या राज्याशी आपली तुलना करणे अन्यायाचे होईल, हे मी प्रथमच सांगून टाकतो. पण कायदा नसतानाही दारे बंद राहू शकतात. त्यासाठी वर्गणीचा आकडा पुरतो, बोलण्याची रीत पुरते, कोणी कोणाला 'अरे' म्हणायचे हे पुरते. म्हणून आजच्या व्याख्यानात मी या खेळाडूंना अहो-जाहो करीत आहे. सेठींना 'ते' आणि कॅडीला 'तो' ही आमची जुनी सवय आहे. माझ्याही टिपणात प्रथम तसेच लिहिले गेले होते, ते मी खोडले.

१९९१ साली दिल्लीला अली शेर जिंकले. ते याच मैदानावर लहानपणी पिशव्या वाहून मोठे झालेले. इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय धंदेवाईक खेळाडू ते. सेठींच्या विजयानंतर सव्वीस वर्षांनी एका भारतीयाचे नाव पुन्हा लागले, आणि ते एका कॅडीचे. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. योगायोग म्हणावा तर १९९३ मध्ये त्यांनी पुन्हा तीच स्पर्धा, त्याच दिल्लीत जिंकली. झुडपांचे ज्ञान, दुसरे काय!

मग जणू बांध फुटला. १९९८ साली कलकत्त्याला फिरोज अली जिंकले, तेही कॅडींमधूनच वर आलेले. २००२ मध्ये लखनौचे विजयकुमार, २००९ मध्ये बंगलोरचे मुनियप्पा, दोघांचीही सुरुवात पिशवी वाहण्यापासून. २०१३ साली जिंकले ते बांगला देशाचे सिद्दिकुर रहमान. लहानपणी ढाक्याच्या मैदानावर चेंडू वेचणारे. मधल्या काळात अर्जुन अटवाल आणि ज्योती रंधावा ही सुखवस्तू घरांतली नावेही आहेत. रंधावा तर तीनदा जिंकले. पण एकाच राष्ट्रीय स्पर्धेच्या विजेत्यांत इतके माजी कॅडी असावेत ही गोष्ट मला विलक्षण वाटते. (माळव्यातल्या महूचे मुकेशकुमार यांनी ही स्पर्धा जिंकली नाही, पण देशातल्या शंभराहून अधिक स्पर्धा जिंकल्या, आणि २०१६ साली एक्कावन्नाव्या वर्षी आशियाई मालिकेतली एक स्पर्धाही. महू आपल्याला वेगळ्या कारणाने वंदनीय आहे. तिथल्या छावणीच्या मैदानावर हाही एक माणूस घडला.)

आता ज्यांच्यासाठी मी हे सर्व सांगत आलो त्यांच्याकडे येतो. शिवशंकरप्रसाद चौरसिया. वडील रॉयल कलकत्ता क्लबाच्या हिरवळीची निगा राखणारे माळी. मुलगा त्याच हिरवळीच्या कडेला वाढला आणि पाहून पाहून खेळू लागला. अंगाने लहानखुरा, लांब फटका मारणाऱ्यांपुढे मागे पडे, पण गलीजवळ आला की त्याच्यासारखा हात कोणाचा नाही. १९९९ साली इंडियन ओपनमध्ये ते दुसरे आले. २००६ साली दुसरे आले. २०१३ साली पुन्हा दुसरे. एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांनी २००८ साली दिल्लीतच जिंकली होती. पण ही, आपल्या देशाची, हाताला लागत नव्हती.

२०१५ साली इंडियन ओपन प्रथमच युरोपच्या मुख्य मालिकेत सामील झाली. शेवटचा दिवस उजाडला तेव्हा चौरसिया पुढे होते. संध्याकाळी त्यांची आणि अनिर्बाण लाहिरी यांची बरोबरी झाली. लाहिरी जन्माने पुण्याचे, लष्करातल्या डॉक्टरांचे चिरंजीव. बरोबरी फोडण्यासाठी एक गल जादा खेळवली आणि लाहिरी जिंकले. डॉक्टरांचा मुलगा आणि माळ्याचा मुलगा एकाच गलीवर समान फटक्यांवर उभे होते, यात मला खरे तर निकालापेक्षा अधिक आनंद आहे. पण चौरसियांना ते चौथ्यांदा दुसरे येणे कसे गेले असेल! सतरा वर्षांत चार वेळा.

२०१६ साली तेच मैदान, तेच दोघे. या वेळी चौरसिया दोन फटक्यांनी पुढे राहिले आणि संयुक्त दुसऱ्या क्रमांकावर लाहिरी होते. २०१७ मध्ये स्पर्धा दिल्लीहून गुरुग्रामला गेली. तिथले मैदान अवघड म्हणून नावाजलेले, लांब पल्ल्याचे. चौरसियांसारख्या लहान फटक्याच्या खेळाडूचे तिथे काय होणार असे जाणकारांना वाटत होते. ते सात फटक्यांच्या फरकाने जिंकले. आणि हे मैदान आखले होते कोणी? गॅरी प्लेअर यांनी. पापवांनी १९६५ मध्ये ज्यांना मागे टाकले तेच. इतिहास अशा गाठी मारतो, आपण फक्त त्या दाखवायच्या.

त्यानंतर २०२५ पर्यंत कोणी भारतीय ही स्पर्धा जिंकलेला नाही. साथीमुळे २०२० ते २०२२ ती झालीच नाही. पुढे २०२३ साली जर्मनीचे सीम, २०२४ साली जपानचे नाकाजिमा आणि २०२५ साली स्पेनचे चकारा जिंकले. बक्षिसांची एकूण रक्कम २०२५ साली साडेबावीस लाख डॉलर होती. सहा पौंडांपासून प्रवास कुठवर आला ते पाहावे. पण पैशाबरोबर खेळही महाग झाला. आजचे यशस्वी तरुण बहुधा लहानपणापासून प्रशिक्षक, व्यायामतज्ज्ञ आणि परदेशी दौरे यांवर वाढलेले असतात. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकात भारताचे दोन पुरुष खेळाडू होते, एक लाहिरी आणि दुसरे पुण्याचे उदयन माने. दोघांचाही आपल्याला अभिमान वाटावा. परंतु अली शेर ज्या वाटेने आले ती वाट आता रुंद होत आहे की बुजत आहे, याची मला काळजी वाटते. सामान वाहायला चाकांच्या गाड्या आल्या की चेंडू शोधणारा मुलगा मैदानावर येणारच कशाला? आणि तो आलाच नाही तर झुडपे ओळखायला शिकणार कुठे?

चेंबूरचे नाव मी मघाशी घेतले. तिथल्या क्लबाच्या भिंतीला लागून वस्ती आहे आणि वस्तीतली पुष्कळ मुले कॅडीचे काम करीत आली. दिवसभर दुसऱ्याच्या काठ्या वाहायच्या. स्वतः खेळावे तर तशी हिरवळ कुठली? म्हणून त्यांनी बांधकामावरची लोखंडी सळई वाकवून काठ्या केल्या, प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि वस्तीच्याच बोळांतून गोल्फ सुरू केला. बोळ इतका अरुंद की फटका जरा चुकला की चेंडू कोणाच्या पत्र्यावर, कोणाच्या धुण्यात, नाहीतर गटारात. त्यांच्या आपापसांत स्पर्धाही होतात. वर्तमानपत्रांनी त्याला झोपडपट्टी गोल्फ असे नाव दिले, परदेशी छायाचित्रकार येऊन चित्रे काढून गेले.

मी एकदा चेंबूरच्या रस्त्याने चालत असता भिंतीपलीकडून चेंडूवर काठी बसल्याचा स्वच्छ आवाज आला आणि दोन पावलांवर, भिंतीच्या अलीकडे, एका पोराने सळईने मारलेल्या चेंडूचा भसाडा आवाज आला. मी थांबून पाहत राहिलो. चेंडू उतारावरून घरंगळत गेला आणि एका दारासमोर विटेने आखलेल्या गलीत पडला. पोराने तो उचलला, पँटला पुसला आणि सळई खांद्यावर टाकून पुढच्या बोळाकडे वळला.